इनेची एक दिवसाची सहल आठवणीत कशी जपावी

जपानमधील इने हे गाव पाहून आम्हाला जेमतेम चार महिने झाले होते. ऐरोलीच्या घरी पाहुण्यांना फोटो दाखवताना आईने मला विचारले, "अगं, ती पाण्यावरची घरं होती ना, तिथे आपण आधी बोटीत बसलो की आधी जेवलो?" मला उत्तर देता आले नाही. माझ्या फोनमध्ये आणि यजमानांच्या कॅमेऱ्यात मिळून त्या दिवसाचे ४१२ फोटो होते. फोनने जपानची वेळ आपोआप धरली होती आणि कॅमेऱ्यावर मात्र भारतीय वेळ तशीच राहिली होती, त्यामुळे एकत्र केलेल्या फोटोंचा क्रम साडेतीन तासांनी विस्कटला होता. संध्याकाळच्या बसचा थांबा दुपारच्या बोटीच्या आधी येत होता. चार माणसांनी एकत्र घालवलेला दिवस इतक्या लवकर हातातून निसटावा, याचे मला मनापासून वाईट वाटले, आणि तेव्हापासून सहल लक्षात ठेवणे हेही सहलीचेच एक काम आहे असे मी धरून चालते.

ठाणे-नवी मुंबईतून जपानला जाणारी बहुतेक कुटुंबे आठ-दहा दिवसांत तोक्यो, क्योतो, ओसाका आणि हिरोशिमा पाहतात. इनेसारख्या गावाच्या वाट्याला त्यात एकच दिवस येतो. क्योतो स्थानकावरून 'हाशिदाते' ही जलद गाडी सुमारे दोन तासांत अमानोहाशिदातेला पोहोचते आणि तेथून इनेची बस आणखी सुमारे एक तास घेते. म्हणजे जाण्यायेण्यातच सहा तास जातात आणि गावात राहायला चार-पाच तास उरतात. एवढ्या थोड्या वेळाची आठवण टिकवायची तर काय जपायचे हे आधी ठरवावे लागते. माझ्या मते निसर्गदृश्य जपण्याची चिंता करू नये, कारण इनेच्या आखाताची आपल्यापेक्षा कितीतरी चांगली छायाचित्रे इतरांनी काढून ठेवलेली आहेत. तेथे आपण काय केले, कुठे उभे राहून केले आणि बरोबरचे माणूस तेव्हा काय म्हणाले, हे मात्र आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाकडेही नसते.

निघण्यापूर्वी: गाव असे का आहे ते समजून घ्यावे

ज्या दृश्यामागचे कारण आपल्याला ठाऊक असते, ते दृश्य मनात अधिक घट्ट बसते. म्हणून निघण्यापूर्वीची एक संध्याकाळ गावाविषयी वाचण्यासाठी राखून ठेवावी.

क्योतो म्हटले की डोळ्यांसमोर देवळे येतात, परंतु क्योतो प्रांत उत्तरेकडे थेट जपानच्या समुद्रापर्यंत पोहोचतो. तेथील तांगो द्वीपकल्पावर इने वसले आहे. आखाताच्या सुमारे पाच किलोमीटर लांबीच्या काठाने जवळजवळ २३० 'फुनाया' एकमेकींना खेटून उभ्या आहेत. फुनाया म्हणजे होडीचे घर. खालच्या मजल्याची जमीन पाण्याकडे उतरती असते, तिच्यावर होडी ओढून घेतात आणि तिथेच जाळी व मासेमारीचे सामान ठेवतात; वरच्या मजल्यावर खोली असते. लाकडी होडी सतत पाण्यात राहिली तर कुजते, म्हणून तिला छपराखाली आणून वाळवण्याची ही सोय झाली. कुटुंबाचे राहते घर बहुधा रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला असते. २००५ मध्ये जपान सरकारने या वस्तीला पारंपरिक वास्तुसमूहांच्या महत्त्वाच्या जतनक्षेत्राचा दर्जा दिला, आणि मासेमारांच्या गावाला असा दर्जा मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

खाडीच्या काठी राहणाऱ्या माणसाला येथे जो प्रश्न पडतो, तो इतरांना कदाचित पडणार नाही. नवी मुंबईतील दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर भरतीला पाण्यावर डोलणाऱ्या होड्या ओहोटीला चिखलात कलंडून पडलेल्या आपण नेहमी पाहतो. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पाण्याची पातळी चार मीटरहूनही अधिक चढते-उतरते. अशा किनाऱ्यावर पाण्याला लागून घर बांधले तर ते दिवसातून दोनदा बुडेल किंवा दोनदा चिखलात उभे राहील. मग इनेमध्ये ते कसे जमले? जपानच्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक फार थोडा असतो आणि इनेमध्ये तो साधारण अर्ध्या मीटरच्या आतच राहतो. शिवाय या आखाताचे तोंड दक्षिणेकडे आहे, तीन बाजूंना डोंगर आहेत आणि तोंडावरच आओशिमा नावाचे बेट आहे, त्यामुळे हिवाळ्यातील वायव्येचे वारे आणि खवळलेल्या समुद्राच्या लाटा आत पोहोचत नाहीत. एवढे कळल्यावर ते गाव नुसते सुंदर चित्र राहत नाही. आईला मी हे परत आल्यावर सांगितले, तेव्हा ती चटकन म्हणाली, "म्हणूनच तिथे चिखलाचा वास नव्हता." तिने टिपलेली ही गोष्ट आमच्या ४१२ फोटोंपैकी एकातही नव्हती. हेच वाचन आधी झाले असते तर तिने ती तिथेच बोलून दाखवली असती आणि आम्हीही तो वास, किंवा त्याचे नसणे, जाणीवपूर्वक अनुभवले असते.

आदल्या रात्री करायचे दुसरे काम लहान आहे. सर्व फोन आणि कॅमेरे समोर ठेवून त्यांची तारीख व वेळ जपानप्रमाणे जुळवून घ्यावी. कॅमेऱ्याची वेळ बदलायची राहिलीच, तर सकाळी स्थानकावरच्या घड्याळाचा एक फोटो त्या कॅमेऱ्याने काढून ठेवावा. पुढे त्यावरून फरक काढून सगळा क्रम लावता येतो. खिशात मावेल अशी एक वही आणि दोन शिसपेन्सिली घ्याव्यात. पावसाचा थेंब पडला तरी पेन्सिलीचे अक्षर फुटत नाही, आणि तांगो भागात छत्री विसरू नये असे तिथले लोकही सांगतात, इतका तिथला पाऊस लहरी असतो.

गावात असताना

पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे फोन बाहेर काढू नये, असा नियम मी आता पाळते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालयातील ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या वस्तू नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा त्यांना कमी आठवल्या, असे त्यात दिसले. मात्र वस्तूचा एखादाच भाग जवळ घेऊन टिपला तेव्हा हे नुकसान झाले नाही. याचा मी माझ्यापुरता असा उपयोग करते की संपूर्ण आखाताचे एक-दोनच फोटो काढायचे आणि बाकीचे सगळे तपशिलाचे: फुनायाच्या लाकडी भिंतीवरचा मिठाचा पांढरा थर, खुंटीला टांगलेले रबरी बूट, दारात वाळत घातलेले मासे. तपशील निवडायचा तर आधी नीट पाहावे लागते, आणि पाहणे झाले की लक्षात राहण्याचे अर्धे काम झालेच.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. फुनाया ही लोकांची खासगी मालमत्ता आहे आणि त्यांतील बऱ्याच आजही वापरात आहेत. आत डोकावून फोटो काढू नयेत, उघडे दिसले म्हणून पाण्याकडच्या ओट्यावर जाऊ नये, आणि माणसांचा फोटो हवा असेल तर आधी विचारावे. आपल्या कोळीवाड्यात एखादा पाहुणा न विचारता ओटीवर चढला तर आपल्याला जसे वाटेल, तसेच त्यांनाही वाटते.

आवाज टिपण्याचे काम बहुतेक जण विसरतात. एका जागी शांत उभे राहून फोनवर पूर्ण एक मिनिट फक्त आवाज नोंदवावा आणि सुरुवातीला जागेचे नाव बोलावे. आमच्याकडे असा एकच तुकडा आहे, तोही माझ्या मुलीने खेळता खेळता केलेला. त्यात होडीखाली चुळचुळणारे पाणी आहे, दूरवरून जाणाऱ्या बसचा आवाज आहे आणि घारीची लांबलचक शीळ आहे. आखातात फिरवणारी बोट सुमारे पंचवीस मिनिटांची फेरी मारते आणि तिच्या मागे सीगलबरोबर घारीही घिरट्या घालतात. ऐरोलीच्या आकाशात दिवसभर दिसते तीच ही घार. आता घरी खिडकीतून तिची शीळ ऐकू आली की मुलीला इनेची बोट आठवते. ओळखीच्या गोष्टीशी अशी गाठ मारून ठेवली की आठवण आपण बोलावली नाही तरी येते.

चव आणि वास यांची तर नोंदच करावी लागते, कारण त्यांचा फोटो निघत नाही. नोंद करताना "छान होते", "वेगळे होते" असे शब्द वहीत लिहू नयेत. आपल्याच स्वयंपाकघरातील कशासारखे वाटले, ते लिहावे. त्या भागात 'हेशिको' नावाचा पदार्थ मिळतो. बांगडा आधी मीठ लावून आणि मग तांदळाच्या कोंड्यात कित्येक महिने मुरवून तो करतात. माझ्या यजमानांनी त्याचे वर्णन असे लिहिले होते: खारवलेल्या बांगड्याचा खारटपणा, मागाहून लोणच्याच्या खारासारखी चव, आणि सोबत भात नसेल तर दुसरा घास घेववत नाही. सहा महिन्यांनी ही ओळ वाचल्यावर तोंडाला पाणी सुटले, यातच तिचे यश आले.

तिकिटाविषयी एक उपयोगाची माहिती. जपानमध्ये प्रवास संपल्यावर स्वयंचलित फाटक कागदी तिकीट गिळून टाकते. तिकीट आठवण म्हणून हवे असेल तर फाटकात न घालता शेजारच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याला दाखवून ते ठेवून घेण्याची परवानगी मागावी. ते तिकिटावर रद्द झाल्याचा शिक्का मारून परत देतात. याशिवाय अनेक रेल्वेस्थानकांवर प्रवाशांसाठी चित्रांचे रबरी शिक्के आणि शाईची गादी ठेवलेली असते. शिक्का वहीत उमटवून शेजारी लगेच वेळ लिहिली की दिवसाचा एक पक्का खांब रोवला जातो. अमानोहाशिदाते येथील चिओन-जी मंदिरात भविष्य सांगणारी चिठ्ठी लहानशा पंख्याच्या आकाराची मिळते. लोक ती पाइनच्या फांद्यांना बांधतात, पण ती घरी आणली तरी चालते.

त्याच रात्री

संपूर्ण मार्गदर्शनातील एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि नंतर मंदावतो. त्यांनी निरर्थक अक्षरगट पाठ केले होते, आपण जगलेला दिवस विसरतो आहोत, हा फरक खरा. तरीही थकलेल्या माणसाने "उद्या लिहू" म्हटले की काय होते, याचा अनुभव सर्वांनाच असतो. क्योतोला परतताना गाडीत दोन तास मिळतात, ते यासाठी वापरावेत.

लिहायचे कसे, याविषयी डच मानसशास्त्रज्ञ विलेम वाखेनार यांच्या कामातून मला फार मदत झाली. त्यांनी सहा वर्षे स्वतःच्या आयुष्यातील घटना नोंदवल्या आणि प्रत्येक घटनेत काय, कोण, कुठे आणि केव्हा हे चार मुद्दे लिहिले. पुढे एकेका मुद्द्यावरून घटना आठवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा "काय" हा मुद्दा सर्वांत उपयोगी पडला, आणि नुसत्या "केव्हा"वरून जवळजवळ काहीच आठवले नाही. १९८६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. आपण मात्र वहीत पहिल्यांदा तारीख आणि वेळ लिहितो आणि तेवढ्यावरच समाधान मानतो. म्हणून नोंदीची सुरुवात क्रियेने करावी: "धक्क्याच्या पायरीवर बसून आईने बूट काढून पाण्यात पाय घातले, पाणी अपेक्षेपेक्षा कोमट होते." वेळ शेवटी, समासात लिहिली तरी चालते.

मग एका पानावर गावाचा नकाशा आठवणीने काढावा. चित्रकला येण्याची गरज नाही. घोड्याच्या नालासारखे आखात, तोंडावर बेट, काठाने जाणारा रस्ता, आणि त्यावर आपण थांबलो त्या जागांना आकडे. आकडा घालायला गेले की मधला विसरलेला थांबा आपोआप वर येतो. आमच्या नकाशात, जो दुर्दैवाने चार महिने उशिरा काढला गेला, पाचव्या जागेच्या शेजारी आजही प्रश्नचिन्ह आहे.

घरातील प्रत्येकाने आपापली नोंद आधी एकट्याने करावी आणि नंतरच एकमेकांना वाचून दाखवावी. आधी बोलणे झाले तर सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याची आठवण हीच सगळ्यांची आठवण होते. आई लिहायला नाखूश असेल तर तिला बोलू द्यावे आणि फोनवर तिचा आवाज नोंदवावा. तिचे शब्द सुधारून लिहू नयेत. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवाव्यात.

घरी आल्यावर कागदांची काळजी

येथे मी केलेली एक चूक सांगते, म्हणजे इतरांकडून ती होणार नाही. बोटीची आणि जेवणाची पावती कायमची टिकावी म्हणून मी झेरॉक्सच्या दुकानात दोन्ही लॅमिनेट करायला दिल्या, आणि यंत्रातून बाहेर आल्या त्या संपूर्ण काळ्या होऊन. त्या पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या थर्मल कागदावर छापलेल्या होत्या. लॅमिनेशनच्या उष्णतेने सगळा कागदच उमटला. असा कागद तसाच ठेवला तरी अक्षरे हळूहळू पुसट होतात आणि प्लास्टिकच्या पाकिटात ती आणखी लवकर उडतात. म्हणून अशा पावतीचा पहिल्याच आठवड्यात स्वच्छ फोटो किंवा साधी झेरॉक्स काढावी, आणि मूळ पावती कागदी पाकिटात, अंधाऱ्या जागी ठेवावी.

नवी मुंबईचा पावसाळा हा कागदाचा दुसरा शत्रू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातील हवासुद्धा दमट राहते, फोटो एकमेकांना चिकटतात आणि त्यांवर बुरशी धरते. वही, तिकिटे आणि छापील फोटो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि दिवाळीच्या साफसफाईत डबा उघडून सगळे हवेशीर करावे. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात डबा ठेवू नये. चिकट पानांचे अल्बम टाळावेत, कारण काही वर्षांनी फोटो त्यातून सुटत नाही. कोपरे अडकवण्याचे अल्बम बरे.

फोटोंची निवड पहिल्या पंधरवड्यात करावी. ४१२ मधून आम्ही शेवटी अठरा छापून घेतले. प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या, आणि त्या ओळींत फोटोत जे दिसत नाही तेच लिहायचे असे ठरवले: हा फोटो काढणारा कोण होता, त्याच्या आधी काय झाले होते, कोण हसत होते. उरलेले फोटो पुसायचे नाहीत, पण त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत ही जपण्याची प्रत समजू नये, कारण तशी पाठवताना फोटो लहान होतो आणि त्यातील तारखेची व जागेची माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

सांगत राहावे, पण वही बदलू नये

इनेच्या हद्दीतच, आखातापासून थोड्या दूरच्या भागात, उराशिमा मंदिर आहे. परंपरेनुसार त्याची स्थापना ८२५ मधली. उराशिमा तारो नावाचा कोळी समुद्रातील राजवाड्यात थोडेच दिवस राहून परत येतो आणि पाहतो तर गावात शेकडो वर्षे उलटून गेलेली असतात. न उघडण्याच्या अटीवर मिळालेली पेटी तो उघडतो आणि क्षणात म्हातारा होतो, अशी ती कथा आहे. 'निहोन शोकी' या ७२० मधील ग्रंथातही या उराशिमाचा उल्लेख येतो. एका दिवसात आम्हाला त्या मंदिरापर्यंत जाणे जमले नाही, पण ही कथा मुलीला फार आवडली आणि तिने आमच्या डब्यावर उराशिमाचे नाव लिहिले. आमची पेटी मात्र वारंवार उघडायची असते.

उघडण्याचीही एक रीत आहे. आधी डबा बंद ठेवून आठवेल तेवढे बोलावे, आणि मग उघडून ताडून पाहावे. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो न पाहता आठवण्याचा सराव केला तर आठवड्याभरानंतर अधिक लक्षात राहतो. फोटो चाळत बसणे हे पुन्हा वाचण्यासारखेच आहे. इनेनंतरच्या प्रवासांतून परतल्यावर आम्ही आठवडा, महिना आणि सहा महिने असे अंतर ठेवून एकेक रविवार यासाठी काढला. कोणी नवीन पाहुणा आला तर तोही निमित्त होतो, कारण ज्याला काही ठाऊक नाही त्याला सांगताना सुरुवातीपासून सांगावे लागते.

सांगता सांगता गोष्ट बदलते, हेही ध्यानात घ्यावे. पाऊस आम्हाला बोटीत लागला असे मी कित्येकांना सांगितले होते. मुलीच्या आवाजाच्या तुकड्यात बोट येताना लख्ख ऊन असल्याचे तिचे स्वतःचेच वाक्य आहे, आणि पाऊस आला तो परतीच्या बसच्या थांब्यावर. म्हणून पहिल्या रात्रीची नोंद कधीही खोडू नये. दुरुस्ती करायची ती वेगळ्या रंगाने, तारीख घालून, समासात करावी.

वहीच्या शेवटी आठ-दहा पाने कोरी सोडावीत. काही गोष्टी वर्षभरानंतर, भलत्याच वेळी आठवतात आणि त्यांना जागा लागते. आमच्या वहीत अशी तीन पाने भरली आहेत. गेल्या महिन्यात दिवाळ्याच्या मासळी बाजारातून परतताना आई रिक्षात एकाएकी म्हणाली, "ती म्हातारी बाई आठवते का तुला? माशांची डोकी तारेच्या पिंजऱ्यात घालून घराखालच्या पाण्यात सोडत होती." इनेमध्ये लोक असा पिंजरा, 'मोंदोरी', दाराशी सोडून घरापुरते मासे धरतात. मला ती बाई मुळीच आठवत नव्हती. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि हात पुसून आधी तिसरे पान काढले.